वाचनालयाच्या जुन्या संगणकांवर लिनक्स घालावं का? आणि मुक्त सॉफ्टवेअर हे 'डावं' आहे का?

खाजनकाठ

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण माझ्या लेखी ते एकच आहेत.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयाला एका कार्यालयाने वापरातून काढलेले सहा डेस्कटॉप दिले आहेत. चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुन्या फिरत्या हार्ड डिस्का. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बरेच नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे ती या यंत्रांवर रीतसर चढत नाही. यंत्रं मात्र ठणठणीत आहेत.

समितीत तीन मतं पडली. कुणाकडून तरी 'क्रॅक' विंडोज घालून घ्या, हे एक. यंत्रं भंगारात द्या आणि आमदारांकडे नवी मागा, हे दुसरं. तिसरं माझं, लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीचं. मी म्हटलं, सार्वजनिक वाचनालयात असं सॉफ्टवेअर हवं ज्यावर कुणा एकाची मालकी चालत नाही. अध्यक्ष म्हणाले, "तुझं डावं राजकारण वाचनालयात नको."

मला राजकारण लपवायचं नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. आपण ज्या साधनावर काम करतो ते उघडून बघण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क आपल्याला हवा, ही त्यामागची मागणी. ही मागणी मालकीबद्दलची आहे, आणि मालकीचा प्रश्न राजकीयच असतो. मी तिला डावी म्हणतो. तुमचं मत सांगा. आणि सहा यंत्रांवर काय घालू, तेही सांगा. शिगम्याआधी वाचनालयाचा संगणक कोपरा सुरू करायचा आहे.

पणजी_टर्मिनल

लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला. ४ जीबीत व्यवस्थित चालते. पण आधी हार्ड डिस्का काढून २४० जीबीच्या साध्या एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्का, बसवा, खरा फरक तिथे पडतो. राजकारणावर जेवून लिहितो.

उजवा_किनारा

लिनक्स जरूर घाला, माझ्या दुकानाच्या सर्व्हरवर तेच आहे. पण डावेपणाचा शिक्का मला मान्य नाही.

मुक्त सॉफ्टवेअर मोठं झालं ते बाजारामुळे. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आणणाऱ्यांतला एरिक रेमंड मुक्त बाजाराचा कट्टर समर्थक आहे. आयबीएमने लिनक्सचा धंदा करणारी रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ ७.५ अब्जांना घेतलं. ज्या मायक्रोसॉफ्टचा प्रमुख २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हणाला होता, तीच कंपनी आज लिनक्सचे सर्व्हर भाड्याने देऊन कमावते. यात समाजवाद कुठे आहे?

दुसरं. आपल्या देशात डाव्यांनी संगणकाला विरोध केला. बँकांत, विमा कंपनीत युनियन आडव्या पडल्या. आता तेच लोक संगणकावर हक्क सांगतात.

आणि बिल गेट्सने १९७६ साली हौशी लोकांना जाहीर पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही आमचं बेसिक हे सॉफ्टवेअर फुकट कॉपी करता, मग हे काम करणाऱ्याला पैसे कोण देणार? त्या प्रश्नाचं उत्तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आजवर दिलेलं नाही.

डिचोली_रिस्पॉन

पोरं वाचनालयात का येणार ते आधी बघा. गेम चालत नसतील तर सहाही यंत्रांवर धूळ बसेल.

निवृत्त_काउंटर

'उजवा किनारा' यांनी युनियनचा विषय काढला म्हणून लिहिते. मी पणजीत राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलं आणि त्या युनियनची सभासद होते.

तेव्हा लेजर म्हणजे दोन हातांनी उचलायची वही. दिवसभराची व्हाउचरं तीत चढवायची आणि संध्याकाळी ताळा जमेपर्यंत घरी जायचं नाही. चार आण्यांचा फरक निघाला तरी सगळ्या शाखेने तो शोधत बसायचं. त्या कामाची आठवण काढून मी कधी हळहळले नाही. यंत्र नको असं आम्हालाही वाटत नव्हतं. आम्ही विचारत होतो की यंत्र आल्यावर माणसांचं काय करणार, किती यंत्रं आणणार, आणि हे ठरवताना आम्हाला विचारणार की नाही. त्यातून १९८३ चा करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं, म्हणजे एएलपीएम, आली. मी स्वतः त्यावर शिकले. नोकऱ्या टिकल्या, कारण आधी करार झाला होता.

त्याला 'संगणकाला विरोध' म्हणणाऱ्यांनी तो करार एकदा वाचावा. यंत्र कोणाच्या अटीवर येणार, हा प्रश्न तेव्हा होता आणि खाजनकाठ, तुझ्या वाचनालयातही तोच आहे.

म्हापसा_मोड

ताई, शंभर टक्के सहमत. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून लिहा.

उजवा_किनारा

ताई, अनुभवाबद्दल आदर आहे. पण त्या वाटाघाटींत ग्राहकाची पंधरा-वीस वर्षं गेली, हेही खरं. रांगेत उभे राहणारे आम्ही होतो.

निवृत्त_काउंटर

रांग होती, मान्य. रांगेच्या अलीकडे आम्हीही उभेच होतो.

डिचोली_रिस्पॉन

आता सविस्तर लिहितो. लिनक्सवर गेमिंग वाढलं ते व्हॉल्वमुळे, आणि व्हॉल्व ही स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी खासगी कंपनी आहे. वाइन हा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचा प्रयत्न करत होता, पण गेमसाठी ते सगळं घरी बसून जुळवणं म्हणजे आठवड्याची रजा. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्वने वाइनवर आधारलेलं प्रोटॉन काढलं, २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं गेम-यंत्र आणलं, आणि आज माझ्या संग्रहातले बहुतेक गेम लिनक्सवर एका क्लिकमध्ये चालतात. हे कुठल्या चळवळीने केलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या दुकानावर अवलंबून राहायचं नाही म्हणून एका कंपनीने पैसे घातले.

व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम मात्र विसरा. त्याची चीटविरोधी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, शिरून बसते, लिनक्सवर ती नाही. गावातल्या पोरांना तेच हवं असेल तर अवघड आहे.

खाजनकाठ

रिस्पॉन, प्रोटॉनचं श्रेय व्हॉल्वला द्यायलाच हवं. पण वाइनमधली पंचवीस वर्षांची मेहनत मुळात उघडी होती म्हणून व्हॉल्वला ती उचलता आली. आणि वाइनचा परवाना असा आहे की त्यात केलेल्या सुधारणा वितरित करायच्या तर उघड्या कराव्या लागतात, म्हणून व्हॉल्वने घातलेले पैसे सगळ्यांच्या कामी आले. परवाना आधी, उदारपणा नंतर.

त्याच व्हॉल्वच्या दुकानात तू घेतलेला एकही गेम तुझा नाही. तुझ्याकडे परवाना आहे आणि तो रद्द होऊ शकतो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गेम बघ. २०१४ मध्ये विकला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागही नेटशिवाय चालत नव्हता म्हणून तोही मेला. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या निवेदनावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. विकत घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क असावा, एवढंच ते मागतात.

उजवा_किनारा

यात मी तुमच्याबरोबर आहे. पैसे मोजले, वस्तू माझी. याला आमच्याकडे मालमत्तेचा हक्क म्हणतात! कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा आहे की ग्राहकाला परवानाच मिळतोय हे स्पष्ट न सांगता डिजिटल दुकानाला 'खरेदी करा' असं लिहिता येत नाही. चांगला कायदा आहे. आणि तो बाजार स्वच्छ करणारा कायदा आहे, बाजार मोडणारा नाही.

उलट टेट्रिस या गेमचं उदाहरण बघा. अलेक्सेई पाजित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो केला. हक्क सोव्हिएत सरकारच्या एलोर्ग या संस्थेकडे गेले. जगभर त्या गेमने लोक वेडे झाले, कंपन्या गब्बर झाल्या, आणि ज्याने तो केला त्याला १९९६ पर्यंत रॉयल्टी नाही. सार्वजनिक मालकी म्हणतात ती ही.

म्हापसा_मोड

टेट्रिसवर एक वाद कायमचा मिटवा. लांब काठी कधी येते हे सरकार ठरवत होतं का?

खाजनकाठ

सरकारी मालकी आणि सगळ्यांची मालकी यांत मी फरक करतो. टेट्रिसमध्ये पाजित्नोव्हचं जे झालं तो अन्याय होता. तो मॉस्कोत झाला म्हणून डाव्यांनी गप्प बसायचं कारण नाही.

पण एवढ्याने भांडवली बाजू उजळ होत नाही. 'डिस्को एलिसियम' हा गेम घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी पुरस्काराच्या मंचावरून मार्क्स आणि एंगेल्सचे आभार मानले होते. २०२२ मध्ये बाहेर आलं की मूळ चमूतले प्रमुख लोक कंपनीत राहिलेले नाहीत, आणि ते स्वेच्छेने गेलेले नाहीत असं त्यांच्याच एका सहकाऱ्याने जाहीर केलं. ज्यांनी ते जग कल्पिलं, त्यांच्या हातात ते जग उरलं नाही.

सांगे_सेव्हपॉइंट

अवांतर: लहानपणी आपण सगळे 'व्यापार' खेळलो. तो ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचं मूळ लिझी मॅगीच्या खेळात आहे. तिने १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळवलं. जमीनदारीमुळे एक माणूस श्रीमंत आणि बाकीचे कंगाल कसे होतात ते लोकांना दाखवायला. पुढे पार्कर ब्रदर्सने तिचं पेटंट ५०० डॉलरना घेतलं आणि शोधक म्हणून नाव दुसऱ्याचंच गाजवलं. आम्ही भावंडं मात्र त्या खेळात हॉटेलं बांधून एकमेकांना रडवायचो.

कांदोळी_कॉम्बो

अवांतरात अवांतर. बेल्जियमने २०१८ मध्ये गेममधल्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या विकतच्या पेट्यांना, जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. आणि मांडवीत कॅसिनोची जहाजं दिवे लावून उभीच आहेत. पाटो पुलावरून रात्री येताना मुलगा विचारतो, बाबा, ते काय आहे?

पणजी_टर्मिनल

कॅसिनोवर सुरू केलंत तर हा धागा पुढच्या चवथीपर्यंत चालेल. परत या.

जेवून आलो. माझं मत: मुक्त सॉफ्टवेअरमध्ये डावे, उजवे, कशातच नसलेले, सगळे आहेत, आणि ते त्याचं बळ आहे. अध्यक्षांना सांगा की २०१५ मध्ये केंद्र सरकारनेच कारभारात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं. तेव्हा दिल्लीत कुणाचं सरकार होतं ते त्यांना ठाऊक आहे. ठराव पास होईल.

खाजनकाठ

पास होईल, पण मला तसा पास करायचा नाही. आज एका सरकारचं नाव सांगून घातलं, तर उद्या दुसऱ्याचं नाव सांगून काढतील. लोकांना कारण पटलं पाहिजे.

वाळपई_वर्ग

प्राथमिक शाळेत शिकवते. राजकारणातलं फार कळत नाही, पण केरळचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देते. तिथे सरकारी शाळांत आयटी@स्कूल प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे शाळा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. डाव्या आघाडीचे अच्युतानंदन मुख्यमंत्री असताना त्याला मोठा जोर मिळाला. पण सुरुवात झाली तेव्हा सरकार काँग्रेसच्या आघाडीचं, ए. के. अँटनींचं होतं. सरकारं बदलत राहिली, प्रकल्प टिकला. कारण शिक्षकांना शिकवलं होतं. संगणक आले, फीत कापली, आणि मग मास्तरांना 'आता बघा तुम्ही' म्हटलं, असं तिथे केलं नाही.

माझ्या वर्गात जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचा मुक्त संच आहे. दुसरीची मुलं त्यात माउस धरायला शिकतात, घड्याळ ओळखतात, बेरजा करतात. सुपरटक्सकार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळावर तर रांग लागते. एक मूल खेळतं आणि तीन पाठीमागे उभी राहून डावीकडे-उजवीकडे झुकतात. व्हॅलोरंट नाही म्हणून कुणी रडलेलं मी पाहिलं नाही. मोठ्या मुलांचं वेगळं असेल.

डिचोली_रिस्पॉन

टीचर, मोठ्यांसाठी लुआंती, म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट, घाला. माइनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांचं जग, आणि मुलं त्याचे मॉड, म्हणजे जोडून घ्यायचे बदल, स्वतः लिहू शकतात. बॅटल फॉर वेसनॉथ आणि ओपनटीटीडी या जुन्या आय-थ्रीवर मजेत चालतील. ०ए.डी. ला ग्राफिक्स थोडं जास्त लागेल.

डूमही आहेच. आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, १९९७ मध्ये उघडा केला, १९९९ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. तीस वर्षांपूर्वीचा गेम आज कशावरही चालतो, कारण इंजिन कुणाच्या कुलपात नाही. 'द क्रू' दहा वर्षांत गेला. खाजनकाठ, तुझा मुद्दा मला इथे पटतो. माझ्या मुलाला मी माझे आजचे गेम दाखवू शकेन का, हा प्रश्न मला कंपनीच्या मर्जीवर सोडायचा नाही.

बांधावरचा

धागा सुरुवातीपासून वाचला. तुम्ही सगळे माझ्या मुलांच्या वयाचे. मला कोडमधलं कळत नाही, पण मालकीवर बोलताय म्हणून तिसवाडीतलं एक सांगतो.

धागाकर्त्याने नाव 'खाजनकाठ' घेतलंय, तर खाजनावरूनच बोलू. भरतीच्या पातळीखालची जमीन बांध घालून खाडीपासून सोडवलेली, ती खाजन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर. पोर्तुगीज येण्याआधीपासून ती गावकारी, म्हणजे गावाची सामूहिक संस्था, सांभाळत आली, पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. जमीन कुणा एकाची नाही. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते. भरतीच्या जोराने तिचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, आतलं गोडं पाणी बाहेर जातं. किती साधं आणि किती हुशारीचं काम आहे ते! पण त्या बांधाला खेकडे भोकं पाडतात. भोक मुठीएवढं असतानाच चिखल आणि पेंढा घालून बुजवायचं. त्यासाठी रोज कुणीतरी बांधावरून चालायला हवं. एकदा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात आलं की पुढचे काही हंगाम हातचे गेले.

पुढे काय झालं? १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता, मी त्या बाजूचा माणूस आहे. पण बांधाची जबाबदारी नीट कुणाच्या गळ्यात पडली नाही. कुळांच्या संघटनांकडे कागदावर आली. मानशीतल्या मासळीची मात्र दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि ती घेणाऱ्याला मासळी जास्त हवी म्हणून काही ठिकाणी दार हवं त्या वेळी उघडून खारं पाणी आत घेतलं जातं. कमाई करणारा एक, बांध बुजवणारा दुसरा, आणि शेत बुडतं तिसऱ्याचं.

तेव्हा सगळ्यांची मालकी चांगली, हे मी मानतो. पण रोज बांधावरून कोण चालणार ते आधी ठरवा. तुमच्या त्या लिनक्समध्ये कोण चालतं?

काणकोण_कमिट

काका, तुम्ही विचारलेल्या प्रश्नासाठी मी दोन दिवस लिहायचं थांबलो होतो असं वाटतंय. मी नोकरीत प्रोग्रामर, आणि रात्री एका छोट्या मुक्त प्रकल्पाची देखभाल करतो. तुमचं खेकड्याचं भोक मी २०२४ मध्ये घडताना वाचलं.

एक्सझेड नावाची फाइली आवळण्याची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, आहे. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते, त्यामुळे बँका, सरकारं, मोठ्या कंपन्या, सगळे तिच्यावर उभे. सांभाळणारा एक माणूस, फुकट, स्वतःच्या वेळात. जिया टॅन हे नाव घेऊन कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करत राहिलं, विश्वास कमावला, हक्क मिळवले, आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. मार्च २०२४ च्या शेवटी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दिसलं की एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याला ते खटकलं, त्याने खोदलं, आणि सापडलं. अर्ध्या सेकंदावरून! तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे, हे उजवा किनारा सांगायच्या आधी मीच सांगतो.

ते त्याला सापडलं कारण सोर्स उघडा होता. घुसणाऱ्याला वाव मिळाला तो मात्र एकटा माणूस थकला होता म्हणून. २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षेतल्या भोकाचीही कथा हीच. ज्या ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीवर अर्ध्या जगाचं इंटरनेट, तिला वर्षाला दोनेक हजार डॉलर देणग्या मिळत होत्या.

म्हणून उजवा किनारा, गेट्सचा १९७६ चा प्रश्न मला योग्यच वाटतो. काम करणाऱ्याला पैसे कोण देणार? हा मूळचा कामगारांचा प्रश्न आहे, आणि डाव्यांनीच तो सर्वांत मोठ्याने विचारायला हवा. आमच्यातले पुष्कळ डावे परवान्यावर रात्र रात्र भांडतात आणि देखभाल करणाऱ्याच्या पोटाचा विषय निघाला की तो सेवाभावाने करतो म्हणून मोकळे होतात. सेवाभाव म्हणून बिनपगारी राबवून घेणं आपण कारखान्यात खपवून घेऊ का?

उजवा_किनारा

हे पटलं. माझ्या दुकानाच्या सर्व्हरवर जे जे आहे त्याची यादी काढतो आणि दोन-तीन प्रकल्पांना वर्षाची ठरावीक रक्कम लावून देतो. तुम्ही त्याला डावं म्हणा, मी त्याला बिल भागवणं म्हणेन.

सांगे_सेव्हपॉइंट

काकांच्या प्रतिसादाला एक पुरवणी, आदर राखून. गावकारीचं कौतुक करताना एक गोष्ट राहते. वाटा मिळायचा तो गावकार घराण्यातल्या पुरुषांना. माझी आजी त्याच गावात जन्मली, त्याच शेतात गुडघाभर चिखलात राबली, आणि गावकारीत तिचं नाव कुठेच नाही. बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचंही नाही. जीपीएल तुमचं घराणं विचारत नाही. काणकोणची मुलगी असो की केनियाची, सोर्स तोच आणि हक्क तेच.

बांधावरचा

खरं आहे, पोरी. तुझ्या आजीचं नाव तिथे असायला हवं होतं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. बांध बांधायची रीत घ्या आणि दार सगळ्यांना उघडं ठेवा.

ग्रंथालय_गोंय

मी ग्रंथपाल आहे. धागाकर्त्याने वाचनालय म्हटलं आणि आतापर्यंत सगळे संगणकांवरच बोलले. पुस्तकांचं काय?

कोहा नावाची ग्रंथालयाची प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखेच्या घोळात बंद पडायची भीती होती. विकतच्या प्रणाली परवडेनात, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी स्वतःसाठी एक बनवून घेतली, आणि जीपीएलखाली जगाला देऊन टाकली. जानेवारी २००० पासून ती चालू आहे आणि आज जगभरची ग्रंथालयं, आपल्याकडची विद्यापीठंसुद्धा, ती वापरतात. एका ग्रामीण भागातल्या वाचनालयाने केलेलं काम आहे हे. तुमच्या अध्यक्षांना हे सांगा.

आता कामाचं. तुमच्या वाचनालयाची ग्रंथसूची कशात आहे? माझा अनुभव असा की गोव्यातल्या बहुतेक जुन्या वाचनालयांत कुणीतरी कष्टाने सगळी यादी टाइप केलेली असते, पण सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी दिसते. दोन-अडीच हजार पुस्तकांची मेहनत, आणि वाचता येत नाही. तुम्ही लिनक्स घाला की विंडोज, ती यादी आधी युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात.

खाजनकाठ

ग्रंथालय गोंय, तुम्ही बरोब्बर ओळखलंत. आमची यादी तशीच आहे. आधीच्या ग्रंथपाल बाईंनी काही वर्षांपूर्वी टाइप केली, त्या आता नाहीत, आणि फाइल उघडली की काही कळत नाही. छापील प्रत आहे म्हणून निभावतंय.

परवा समितीची बैठक झाली. मी राजकारण सोडलं नाही. कोहाची गोष्ट सांगितली आणि मग बांधावरच्या काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. अध्यक्षांच्या घरचं खाजन आहे. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग विचारलं, "आमच्याकडे बांधावरून कोण चालणार?" म्हणून ठराव असा झाला: सहाही यंत्रांवर मिंट, दोन स्थानिक तरुणांना महिन्याचं छोटं मानधन देऊन देखभाल, आणि वाचनालयाच्या अंदाजपत्रकात दरवर्षी मुक्त प्रकल्पांना देणगी म्हणून एक ओळ. मानधनाची रक्कम कमी आहे, त्यावरून माझं आणि खजिनदारांचं वाजलं. पुढच्या बैठकीत ती वाढवून घेणार आहे. निवृत्त काउंटर ताई, त्यासाठीच्या अर्जाचा मसुदा तुम्ही बघून द्याल का?

अध्यक्ष अजूनही याला डावं म्हणायला तयार नाहीत. मी म्हणत राहणार.

निवृत्त_काउंटर

पाठव. मानधनाबरोबर कामाचे तास आणि रजा लिहून घे. नंतर लिहू म्हटलं की कुणी लिहीत नाही.

उजवा_किनारा

रविवारी मी फोंड्यात आहे. दुकानातल्या जुन्या पण चांगल्या एसएसडी आणतो, सहा भरतील. इन्स्टॉलेशनला हात लावतो. वाद तिथे येऊन पुढे चालवू.

वाळपई_वर्ग

जीकॉम्प्री आणि सुपरटक्सकार्ट पेनड्राइव्हवर देते. कळफलकावर इनस्क्रिप्टची, म्हणजे देवनागरी मांडणीची, अक्षरं असलेले स्टिकर लावा, नाहीतर मुलं मराठी टाइप करायला घेणारच नाहीत.

काणकोण_कमिट

यादीच्या रूपांतरासाठी मला पाच-दहा ओळी आणि फॉन्टचं नाव पाठव. स्क्रिप्ट लिहितो, आणि उघडीच ठेवतो. इतर वाचनालयांनाही लागेल. रफार तपासायला मात्र माणसं हवीत.

सांगे_सेव्हपॉइंट

रफार मी तपासते. घरबसल्या होईल, थोडं थोडं पाठवत जा.

खाजनकाठ

सगळ्यांना देव बरें करूं. एक अडचण राहिली. वाचनालयात एक जुना लेझर प्रिंटर आहे. सभासदांच्या पावत्या त्यावरच निघतात, आणि लिनक्समध्ये तो दिसतो पण छापत नाही.

पणजी_टर्मिनल

स्टॉलमनच्या डोक्यात हे सगळं शिरलं ते एमआयटीतल्या एका प्रिंटरचा सोर्स मिळाला नाही तेव्हापासून! मॉडेल नंबर लिहा, मागच्या स्टिकरवर असतो. आणि यूएसबीने जोडलाय की नेटवर्कने, तेही.